ड्युटीचा हिशेब यकृताकडे

14 जानेवारीला विद्यापीठाच्या गेटवर नामविस्तार दिनाची गर्दी लोटते, तेव्हा छत्रपती संभाजीनगरचा पोलिस शिपाई पहाटेपासून पॉइंटवर उभा असतो. सुटणार कधी, हे त्याला ठाऊक नसते. जेवणाचं पाकीट वेळेवर आलं तर नशीब. तोवर गाड्यावरचे पोहे, भजी आणि दोन चमचे जास्तच साखरेचा चहा. पुढे शिवजयंती, आंबेडकर जयंती, गणपती, कर्णपुऱ्याची यात्रा. मे 2018 मध्ये जुन्या शहरात किंवा मार्च 2023 मध्ये किराडपुऱ्यात भडकली तशी दंगल उसळली, की रजा, झोप, जेवण सगळंच बासनात.

पोट सुटलेला हवालदार हा आपल्याकडे विनोदाचा हुकमी विषय. त्याच्या सोनोग्राफीच्या रिपोर्टवर ‘फॅटी लिव्हर, ग्रेड टू’ असं आलं, की सहकारी डोळे मिचकावतात, “आता बसणं कमी करा!” संशय पहिला दारूवर. तो काहींच्या बाबतीत खराही असतो. ताण उतरवायला बाटली जवळ करणारे खात्यात आहेतच. पण थेंबालाही न शिवणाऱ्याच्या यकृतात चरबी साठते, आणि तिथे ड्युटीचा तक्ता बघावा लागतो.

ताण वाढला की शरीरात कॉर्टिसोल वाढतं. ते रक्तात साखर सोडायला लावतं आणि चरबी पोटाभोवती जमवतं. रात्री दोनला वडापाव खाल्ला, तर त्या वेळी इन्सुलिनचं काम दिवसासारखं चोख चालत नाही. उरलेल्या साखरेची चरबी करायचं काम यकृताकडे येतं. यकृताच्या वजनाच्या 5 टक्क्यांहून जास्त चरबी साठली, की तो आजार. पुढे सूज, मग व्रण, काहींना सिरॉसिस. यात बराच काळ काहीही दुखत नाही. रक्तातली एसजीपीटी कधीकधी नॉर्मलच येते आणि माणूस निर्धास्त होऊन परत नाइटला जातो.

अमेरिकेतल्या बफेलो शहरात पोलिसांच्या तब्येतीचा दीर्घ अभ्यास झाला. त्याचे प्रमुख जॉन व्हायोलांटी स्वतः माजी पोलिस. 2009 मध्ये त्यांच्या गटाने दाखवलं, की मध्यरात्रीच्या पाळीत काम करणाऱ्यांत वाढलेली कंबर, रक्तदाब, साखर आणि बिघडलेली चरबी यांचं एकत्रित दुखणं दिवसपाळीपेक्षा जास्त आढळतं. कमी झोप किंवा ओव्हरटाइम असेल तर विशेषच. फॅटी लिव्हर याच कुळातलं. हैदराबादच्या आयटी कर्मचाऱ्यांच्या 2025 मधल्या अभ्यासात तर 84 टक्के लोकांच्या यकृतात जादा चरबी निघाली. ते खुर्चीला खिळलेले, पोलिस नाक्यावर उभा; पण मोडलेली झोप आणि अवेळी खाणं दोघांच्याही वाट्याला येतं.

उपाय डॉक्टर सांगतातच: वजन 7 ते 10 टक्के उतरलं तर यकृताची सूजही ओसरू शकते. चाला, साखर कमी करा, वेळेवर जेवा. बारा-चौदा तासांची ड्युटी करणाऱ्याला ‘वेळेवर जेवा’ सांगणं ही थट्टाच.

मुंबईत देवनार ठाण्यातले शिपाई रवींद्र पाटील यांनी आठ तासांच्या पाळ्यांचं गणित कागदावर बसवून दाखवलं. तेव्हाचे आयुक्त दत्ता पडसलगीकर यांनी मे 2016 मध्ये देवनारलाच ते करून पाहिलं आणि पुढे शहरातल्या इतर ठाण्यांतही नेलं. खात्याच्या दृष्टीने ही मनुष्यबळाची सोय असेल, पण कुठल्याही गोळीपेक्षा ती यकृताच्या जास्त जवळची आहे.

संभाजीनगरात त्यासाठी मनुष्यबळ पुरेल का, हा प्रश्न खराच. मात्र दंगल सांगून येत नसली तरी नामविस्तार दिन, जयंत्या, गणपती, नवरात्र यांच्या तारखा वर्षभर आधी कॅलेंडरवर छापलेल्या असतात. 14 जानेवारीचा बंदोबस्त लावतानाच त्यातल्या कोणाची सुट्टी 15ला, कोणाची 16ला, हे त्याच आदेशात लिहिता येतं. त्याला ना शासन निर्णय लागतो, ना वाढीव निधी.