दाराची खडखड

जुनी गाडी ज्यांच्या घरी आहे, त्यांना तिचे आवाज पाठ असतात. घरातल्या माणसाच्या खोकल्यासारखे ते कानात बसलेले असतात. हा सायलेन्सरचा, हा डिकीच्या झाकणाचा, आणि हा दाराला आतून लावलेल्या फळीचा. पहिल्या दोन आवाजांसाठी आपण लगेच गॅरेज गाठतो. तिसऱ्याला मात्र कुणी विचारत नाही. रेडिओ थोडा मोठा करायचा, नाहीतर फटीत वर्तमानपत्राची घडी खुपसायची, की झालं! फळीच तर आहे, तिच्यावाचून गाडी थोडीच अडते?

वाचकहो, आज या फळीबद्दलच लिहायचं आहे. भोपाळहून लिहिताना मी एरवी इथल्या तलावांबद्दल, पोहे-जिलबीबद्दल, मराठी मंडळींच्या गणपतीबद्दल लिहिते. मग आज हा गॅरेजचा विषय कुठून आला, असं तुम्हाला वाटेल. पण माझे वडील निपाणीला मोटारी दुरुस्त करायचे. त्यांनी काढलेले स्क्रू डबीत मोजून ठेवणं हे माझं लहानपणीचं काम. त्यामुळं दाराची खडखड ऐकली की माझे हात आपोआप शिवशिवतात.

निमित्त झालं आमच्या कॉलनीतल्या मावशींचं. निवृत्त शिक्षिका, वय सत्तरीच्या पुढं. 1956 साली राज्यांची पुनर्रचना झाली, नागपूर मुंबई राज्यात गेलं आणि नव्या मध्य प्रदेशाची राजधानी भोपाळला आली. तेव्हा सरकारी नोकरीपायी नागपूरची बरीच मराठी घरं इकडं आली. मावशींचं सासर त्यांतलंच. यजमान जाऊन काही वर्षं झाली, मुलगा बंगळूरला. घरात मावशी आणि दारात 1999 सालची पांढरी मारुती 800. भाजी आणायला, गुडघ्याच्या व्यायामाला, भजनाला, नाटकाला मावशी स्वतः गाडी चालवत जातात. त्यांना कुणाची वाट पाहावी लागत नाही. या वयात ही केवढी मोठी गोष्ट आहे, ते वेगळं सांगायला नको.

2024 मध्ये त्या गाडीची नोंदणी पुन्हा वाढवायची वेळ आली. नेमकं तेव्हाच ड्रायव्हरच्या बाजूच्या दाराची फळी खालून सुटली होती. रस्त्यावर खड्डा आला की खडखड, दार लावलं की धाडकन आपटायची. काच वर करायचं हँडलही जड झालेलं. जुन्या गाड्यांचा एक दलाल येऊन बघून गेला. त्यानं फळी हातानं दाबली, कुबट वास आला. “आंटी, दरवाजा अंदर से सड़ गया है, अब तो कबाड़ में ही जाएगी,” असं म्हणून त्यानं भंगाराचा भाव सांगितला. मुलाचाही फोन आला, “आई, देऊन टाक. रिक्षानं जात जा.”

मावशी माझ्याकडं आल्या, त्या अगदी पडक्या चेहऱ्यानं. “तू एकदा बघ गं. सडलंच असेल तर देऊन टाकते. पण कुणीतरी आत डोकावून सांगू दे.”

त्यांचं म्हणणं अगदी रास्त होतं. दलालानं दार उघडून पाहिलंच नव्हतं, नुसती फळी दाबली होती. म्हणून दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही दोघी गाडीपाशी सतरंजी टाकून बसलो.

आता थोडं दाराच्या रचनेबद्दल. मोटारीचं दार म्हणजे पत्र्याची एक पोकळ पेटी. पाऊस पडला की काचेवरून ओघळणारं पाणी बाहेरच्या रबरी पट्टीशी अडतं, पण सगळंच अडत नाही. थोडं आत उतरतं, आणि ते उतरणार हे गाडी बनवणाऱ्यांनी गृहीतच धरलेलं असतं. म्हणून दाराच्या खालच्या कडेला बारीक भोकं ठेवलेली असतात. पाणी आलं, भोकातून गेलं. आतल्या बाजूला मात्र फळी असते. गॅरेजवाले तिला डोअर पॅड म्हणतात. जुन्या गाड्यांत ती हार्डबोर्डची, वरून रेक्झिन चिकटवलेली. हार्डबोर्ड म्हणजे लाकडाच्या तंतूंचा दाबलेला पुठ्ठाच. ओला झाला की फुगतो. तो ओला होऊ नये म्हणून पत्रा आणि फळी यांच्यामध्ये प्लॅस्टिकचा एक कागद चिकटवलेला असतो. दिसायला अगदी फडतूस, पण सगळी भिस्त त्याच्यावर.

होतं काय, की कधीतरी काच किंवा कुलूप दुरुस्त करताना कुणीतरी तो कागद टराटरा फाडतो आणि परत लावत नाही. खालच्या भोकांत माती आणि पानं साचतात. पाणी आतच राहतं. फळी भिजते, फुगते, तिच्यातल्या क्लिपा बसायच्या खाचा फाटतात. त्यात भोपाळचा उन्हाळा 45 अंशांच्या घरात जाणारा. उन्हात उभ्या गाडीतल्या प्लॅस्टिकच्या क्लिपा वाळून ठिसूळ होतात आणि पापडासारख्या मोडतात. मग फळी सुटते आणि खडखड सुरू होते. यात गाडीचा दोष नाही, दलालाचाही नाही म्हणा हवं तर. पाणी आणि ऊन यांचं हे 25 वर्षांचं काम.

फळी काढायला फार हत्यारं लागत नाहीत. हात टेकायच्या दांडीचे स्क्रू आणि आतल्या कडीभोवतीच्या चौकटीचा स्क्रू काढले. काचेचं हँडल मात्र स्क्रूनं बसवलेलं नसतं. त्याच्यामागं इंग्रजी सी अक्षरासारखी तारेची क्लिप असते. माझे वडील जुनं फडकं हँडलच्या मागून घालून दोन्ही टोकं धरून बूट पुसल्यासारखं ओढायचे. क्लिप टुणकन उडते, म्हणून दुसऱ्या माणसानं पुढं हात धरायचा. मावशींनी पदर धरला! काच पूर्ण वर असताना हँडल कुठल्या दिशेला आहे, ते आधी खडूनं लिहून ठेवावं, म्हणजे परत तसंच बसवता येतं.

पुढं फळीच्या कडेच्या क्लिपा. त्या सोडवायला मी मावशींच्या स्वयंपाकघरातलं लाकडी उलथनं घेतलं. लोखंडी वस्तूनं रंग खरवडतो. उलथनं क्लिपेच्या अगदी जवळ सरकवून उचलायचं. फळीला धरून ओढायचं नाही, ओढली की उरलेल्या खाचाही फाटतात. सगळ्या क्लिपा सुटल्या की फळी वर उचलून काढायची.

आत जे दिसलं, त्यानं मावशींचा जीव भांड्यात पडला. प्लॅस्टिकचा कागद अर्ध्याहून जास्त नाहीसा होता. दाराच्या तळाशी कडुलिंबाच्या पानांचा आणि मातीचा ओला थर. कुबट वास त्याचाच. तो चमच्यानं काढला, भोकं केसांच्या आकड्यानं मोकळी केली आणि तांब्याभर पाणी ओतलं. पाणी धारेनं खाली पडलं. तळाला हातभर लांबीचा गंज होता, पण वरवरचा. टोचून बघितलं तर पत्रा घट्ट. सडला होता तो फक्त फळीचा खालचा काठ.

“म्हणजे दार चांगलंय?” मावशींनी विचारलं.

“दार चांगलंय मावशी. त्याचं गटार तुंबलं होतं.”

तार-ब्रशनं गंज घासून रेड ऑक्साइड लावलं. काचेच्या खाचेतली माती पुसून ग्रीस दिलं, हँडल हलकं झालं. फळी सावलीत वाळवली आणि मग सपाट व्हावी म्हणून तिच्यावर मावशींच्या दिवाळी अंकांचे गठ्ठे ठेवले. तीन दिवस! साहित्याचं वजन असतं म्हणतात, ते असं कामाला आलं. फाटलेल्या खाचांमागं पातळ प्लायवूडचे तुकडे खाच कापून चिकटवले. यासाठी रेक्झिनवाले वापरतात तो रबरी गोंद घ्यावा. तो दोन्ही बाजूंना लावायचा, बोटाला चिकटेनासा होईपर्यंत दहा-पंधरा मिनिटं थांबायचं आणि मग दाबायचं. झटपट चिकटणारा गोंद इथं उपयोगाचा नाही. तो कडक होतो आणि दाराच्या हादऱ्यानं तडकतो.

सुटलेलं रेक्झिन शिवून, ताणून घ्यायला आम्ही जहांगीराबादकडच्या एका उस्तादांकडं गेलो. गाड्यांच्या सीटा शिवण्यात त्यांची हयात गेलेली. त्यांनी फळी हातात घेतली, मागची ठिगळं बघितली आणि खास भोपाळी थाटात विचारलं, “को खाँ, ये किसने किया?” मावशींनी माझ्याकडं बोट दाखवलं. उस्तादांनी क्लिपांचे पैसे घेतले, शिलाईचे घेतले नाहीत. क्लिपा आणताना जुनी क्लिप नमुन्याला न्यावी. भोकाच्या मापाची नसेल तर नवी क्लिपही दोन दिवसांत सुटते.

शेवटी जाड प्लॅस्टिकचा नवा कागद कापून सगळीकडून नीट चिकटवला. त्याची खालची कड पत्र्याच्या आत सोडली, म्हणजे ओघळ आतच राहतो. पत्रा आणि फळी जिथं घासतात तिथं जुन्या सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या लावल्या. चिंध्या किंवा कापूस मुळीच कोंबू नये, ते पाणी धरून ठेवतात. सी क्लिप आधी हँडलमध्ये बसवून वरून तळहाताचा एक फटका दिला. खट्! आणि खडखड थांबली.

आता कायद्याचं. 15 वर्षं झाली की गाडी भंगारात द्यावीच लागते, असं पुष्कळांना वाटतं. त्या बंदीच्या बातम्या दिल्ली आणि तिथल्या राजधानी परिसराच्या. सरकारी गाड्यांसाठीही 2023 पासून 15 वर्षांची मर्यादा आली. पण आपल्या खासगी गाडीची नोंदणी 15 वर्षांनंतर आरटीओत तपासणी करून पाच-पाच वर्षांनी वाढवता येते. खर्च वाढलाय, हे खरं. मार्च 2022 पर्यंत मोटारीला त्यासाठी 600 रुपये लागत, एप्रिल 2022 पासून 5,000 झाले, आणि ऑगस्ट 2025 च्या अधिसूचनेनं 20 वर्षांपुढच्या मोटारीला 10,000. राज्याचा कर वेगळा. तेव्हा जुनी गाडी ठेवायची की नाही, हा हिशेब प्रत्येकानं करावा. ब्रेक, इंजीन, खालचा सांगाडा कामातून गेला असेल तर ती ठेवू नये. माणसाच्या जिवापुढं गाडीची माया नको. पण हिशेब गाडीचा व्हावा, तिच्या खडखडीचा नव्हे.

मावशींची गाडी तपासणीत पास झाली. 2029 पर्यंतचा कागद त्यांनी पिशवीत जपून ठेवलाय. मुलगा दिवाळीला आला तेव्हा त्यांनीच त्याला स्टेशनवरून आणलं. “आवाज कुठं गेला?” हा त्याचा पहिला प्रश्न.

एक सावधगिरी सांगायलाच हवी. हे सगळं जुन्या, साध्या गाड्यांचं झालं. नव्या गाड्यांच्या दारांत काचेच्या मोटरच्या आणि स्पीकरच्या तारा असतात, आणि काही गाड्यांत खांबांच्या किंवा छताच्या कडेच्या आवरणामागं एअरबॅग असते. तिथं उलथनं घालायचं नाही, जाणकाराकडंच जायचं.

बाकी तुमच्या बेळगाव-आंबोलीकडं भोपाळपेक्षा पाऊस किती जास्त, ते मी काय सांगणार! मिरगाच्या आधी गाडीच्या चारी दारांवर, काच वर करून, एकेक तांब्या पाणी काचेच्या कडेनं सोडा आणि खाली वाकून बघा. धार लागली तर उत्तम. नाही लागली तर केसांचा आकडा घ्या. पाच मिनिटांचं काम आहे, आणि घरातल्या पोरांनाही ते आवडतं.