भाषेला पैशांचा हिशेब येतो का?

बँक, विमा कंपनी किंवा कारखान्याच्या कामासाठी प्रोग्रामिंगची भाषा ठरवायला बसले की चर्चा वेगाची होते, फ्रेमवर्कची होते, माणसे मिळतील का याची होते. रुपये-पैसे ही भाषा कशात साठवते, हे मात्र क्वचितच कुणी विचारते. आमच्या मते सुरुवात तिथूनच व्हावी.

१९५९ साली आखणी सुरू झालेल्या कोबॉलमध्ये दशमान अंक भाषेच्या रचनेतच होते. नंतरच्या बहुतेक भाषांनी द्विमान फ्लोटिंग पॉइंट स्वीकारला. त्यात ०.१ नेमका मावत नाही, म्हणून ०.१ आणि ०.२ यांची बेरीज ०.३०००००००००००००००४ दिसते. जावाने बिगडेसिमल दिले, सी शार्पने डेसिमल हा मूळ प्रकारच ठेवला. गोच्या स्टँडर्ड लायब्ररीत असा दशमान प्रकार नाही.

प्रकार योग्य निवडला तरी राउंडिंग उरतेच. केंद्रीय जीएसटी कायद्याचे कलम १७० सांगते: पन्नास पैसे किंवा अधिक असतील तर पुढचा रुपया धरा, कमी असतील तर सोडा. कराची रक्कम १,०००.५० आली आणि पायथनचे राउंड चालवले, तर उत्तर १,००० येते. नेमक्या अर्ध्यावरची संख्या ते सम अंकाकडे वळवते. सी शार्पचे मॅथ.राउंडही मुळात तसेच वागते. कायद्याला हवेत १,००१. एरर येत नाही, लॉगमध्ये काही उमटत नाही. फरक सापडतो तो ताळमेळ घालताना.

असा फरक साचत गेला की काय होते, ते व्हँकुव्हर शेअर बाजाराने पाहिले. १९८२ मध्ये १,००० वर सुरू केलेल्या निर्देशांकाचे तिसऱ्या स्थानापुढचे दशांश दर वेळी नुसते छाटले जात. नोव्हेंबर १९८३ मध्ये तो ५२४.८११ दाखवत होता. दुरुस्त केल्यावर १,०९८.८९२ निघाला.

ट्रान्झॅक्शन, डेटाबेस जोडणी, एन्क्रिप्शन, टाइमझोन हेही लागतेच. पण ती उणीव पुढे भरून काढता येते; जावाला तारखांची धड व्यवस्था २०१४ मध्ये आठव्या आवृत्तीत मिळाली, आणि तोवर लोकांनी जोडा-टाइमवर निभावले. रकमेचा प्रकार मात्र प्रत्येक टेबलात, प्रत्येक एपीआयमध्ये रुजतो. तो दहा वर्षांनी बदलायला निघणे म्हणजे सगळी प्रणाली उसवणे.

म्हणून भाषा पक्की करण्याआधी १,०००.५० ही रक्कम डेटाबेसमधून काढा, जेसनमधून पलीकडे पाठवा, राउंड करा आणि परत साठवा. जेसन वाचताना जावास्क्रिप्ट तिचा फ्लोट करते, तेव्हा ती स्ट्रिंग म्हणून किंवा पूर्णांक पैशांत पाठवायची, हेही त्याच बैठकीत लिहून ठेवा.