महाग तितके स्वदेशी

रेल्वेच्या एखाद्या पार्सल ऑफिसला इलेक्ट्रॉनिक वजनकाटे घ्यायचे आहेत, असे समजा. काट्याचे तबक आणि सांगाडा इथल्या पत्र्याचा. आतला लोडसेल, सर्किट बोर्ड आणि आकडे दाखवणारी पट्टी बाहेरची. या बाहेरच्या मालाची किंमत सीमाशुल्क धरून ६,००० रुपये. तर हा काटा किती टक्के भारतीय?

काटा उघडून हे कळत नाही. त्यासाठी बिल पाहावे लागते. सरकारी खरेदीत ‘मेक इन इंडिया’ला प्राधान्य देणाऱ्या २०१७ च्या आदेशातली रीत वजाबाकीची आहे. कर वगळून विक्रीची किंमत घ्या, तीतून आयात मालाची किंमत वजा करा; उरेल ते सारे भारतीय. त्यात पत्रा आला, मजुरी आली आणि नफाही आला.

आता टेंडर उघडू. पहिल्याने १२,००० रुपये दर भरला. स्थानिक अंश, म्हणजे भारतीय वाटा, ५० टक्के. निम्म्याला पोचला, म्हणून तो वर्ग एकचा, म्हणजे प्राधान्य मिळणारा पुरवठादार. दुसऱ्याने अगदी तसाच काटा, तेच आयात भाग घालून, ११,००० ला देऊ केला. नफा तेवढा हजाराने कमी धरला. त्याचा अंश ४५ टक्क्यांवर आला आणि तो वर्ग दोनमध्ये गेला. काटा स्वस्त दिला, म्हणून तो कमी भारतीय.

तिसऱ्याचा दर १०,०००. सर्वांत कमी, पण तोही वर्ग दोनचा. अशा वेळी निम्मी ऑर्डर त्याला मिळते. उरलेल्या निम्मीसाठी वर्ग एकवाल्याला बोलावणे जाते. त्याचा दर २० टक्क्यांच्या फरकात बसावा आणि त्याने १०,००० वर उतरावे, एवढीच अट. १२,००० वाला त्यात नेमका बसतो. ११,००० वाल्याला कोणी विचारत नाही.

१२,००० वाला खाली उतरतो. आता पुन्हा वजाबाकी करा. दहातून सहा गेले, चार राहिले. अंश ४० टक्के. म्हणजे ज्या वर्गाच्या जोरावर ऑर्डर मिळाली, ती घेताक्षणीच तो त्या वर्गातून खाली घसरला. फायलीतले हमीपत्र मात्र बोली भरतानाचे आहे आणि त्यावर ५० टक्के लिहिलेले आहे.

खोटे हमीपत्र देणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत सरकारी खरेदीतून बाद करण्याची तरतूद आहे. पण इथे खोटे बोलले कोण? १० कोटींवरच्या खरेदीत लेखापरीक्षकाचा दाखला लागतो. तोही हीच वजाबाकी करणार आणि ती बरोबरच येणार.

पळवाटा सरकारला दिसत नाहीत, असेही नाही. आयात माल विकून वाहतूक, विमा, बसवणी, प्रशिक्षण आणि देखभाल यांचे पैसे स्थानिक मूल्यवृद्धी म्हणून दाखवता येणार नाहीत, असे ४ मार्च २०२१ रोजी लेखी बजवावे लागले. कोणीतरी तसे दाखवत असल्याशिवाय असा खुलासा निघत नाही. तेव्हा बंदरापासून गोदामापर्यंतचे ट्रकभाडे आता स्वदेशी नाही. त्या यादीत नफ्याचे नाव मात्र नाही.

अंश मोजायचाच, तर तो उत्पादनखर्चावर मोजावा. विक्रीचा दर त्यात येण्याचे कारणच नाही. दरावर मोजलेला टक्का कारखान्यात काय घडते ते सांगत नाही. टेंडरमध्ये काय भरले, एवढेच सांगतो. पार्सल ऑफिसातला तो काटा १२,००० ला निम्मा भारतीय होता, १०,००० ला तो निम्माही उरला नाही. मधल्या काळात त्याचा एक स्क्रूसुद्धा बदललेला नाही.