आधी कुलुपं मोजा

2010 च्या उन्हाळ्यात आम्हा शिक्षकांना घरयादीच्या कामाला लावलं होतं. जनगणनेच्या आधी घरं मोजतात, ते काम. जळगाव जिल्ह्यातल्या आमच्या सावद्याच्या जुन्या गावात सकाळी लवकर निघायचं आणि ऊन चढायच्या आत दोन बोळ उरकायचे. एका बोळात लागोपाठ तीन दारांना कुलूप होतं. शेजारच्या बाईंनी त्या ओट्यांवर पापड वाळत घातले होते. विचारलं तर म्हणाल्या, "बाई, इथं आता कोणीच नाही. एक सुरतेला, एक पुण्याला." आत सागाच्या कड्या, वर धाबं, दारापुढे नळ, गटार, विजेचा खांब. सगळं होतं, फक्त माणसं नव्हती.

हे आज आठवायचं कारण म्हणजे राज्याचं नवं गृहनिर्माण धोरण. मे 2025 मध्ये ते मंजूर झालं. 2030 पर्यंत 35 लाख घरं आणि 70 हजार कोटींची गुंतवणूक, असं त्यात म्हटलं आहे. घरांची गरज किती, याचं जिल्हावार सर्वेक्षणही त्यात आहे. माझं म्हणणं त्या सर्वेक्षणापुरतं आहे. आमच्यासारख्या वीसेक हजार वस्तीच्या गावात "घरं किती हवीत?" असं विचारलं की सगळ्यांची नजर गावाबाहेरच्या केळीकडे जाते. बंद घरांकडे कोणी पाहत नाही. देशाचा हिशेबही तसाच आहे. 2012 मध्ये केंद्राच्या तज्ज्ञगटाने शहरांमधला तुटवडा 1 कोटी 88 लाख घरांचा काढला. त्यातली बहुतेक कुटुंबं उघड्यावर नव्हती, दाटीवाटीने राहत होती. त्याच सुमाराच्या, 2011 च्या जनगणनेत शहरांतली 1 कोटी 11 लाख घरं रिकामी निघाली.

आमचंच घर घ्या. वडील गेल्यावर उताऱ्यावर नऊ नावं लागली. भाऊ, बहिणी, गेलेल्या भावाची मुलं. त्या घरात आज माझा एक भाचा दोन खोल्या वापरतो. पंतप्रधान आवास योजनेत स्वतःच्या जागेवर घर बांधणाऱ्याला केंद्र आणि राज्य मिळून अडीच लाखांची मदत मिळते. त्याने अर्ज केला, तेव्हा जागा त्याच्या नावावर नाही म्हणून कागद परत आला. हक्कसोड पत्राला मुद्रांक जेमतेम 500 रुपयांचा लागतो, पण नऊ जणांच्या सह्या गोळा करताना दोन वर्षं गेली आणि तरी चार राहिल्या. शेवटी त्याने कर्ज काढून गावाबाहेर ले-आउटमध्ये प्लॉट घेतला. तिथे रस्ता कागदावर आहे. पाणी टँकरचं. काळ्या मातीत पाया खोल न्यावा लागला, मुरुमाच्या भरावातच निम्मे पैसे गेले. "आत्या, जुन्या घरात यातलं काहीच करावं लागलं नसतं," तो म्हणाला. मला उत्तर सुचलं नाही.

ज्या जमिनीवर तो प्लॉट पडला, तिथे दहा वर्षांपूर्वी केळी होती. जळगावच्या केळीला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, ते याच रावेर-यावलच्या मातीच्या जोरावर. तापीच्या खोऱ्यातली ही खोल काळी जमीन एकदा मुरुमाखाली गेली की पुन्हा वर येत नाही. शेजारच्या फैजपूरला 1936 च्या काँग्रेस अधिवेशनासाठी नंदलाल बोस यांनी बांबूचं अख्खं नगर उभारलं होतं. ते उठून जाणारं नगर होतं. सिमेंटचा प्लॉट उठत नाही.

वाढणाऱ्या गावाला बाहेर जागा लागणारच, हे मला मान्य आहे. पण ती नगररचना योजनेतून घ्यावी. त्यात शेतकऱ्यांच्या जमिनी एकत्र करून आधी रस्ते, गटारं आखतात आणि मग प्रत्येकाला त्याचा भूखंड परत देतात. दुर्बल घटकांच्या घरांसाठीही त्यात जागा राखता येते. एकेका शेताचा सुटा ले-आउट पडत गेला की एकाचा रस्ता दुसऱ्याच्या बांधावर अडतो. आणि सातपुड्यातून केळी कापायला येणारे मजूर? त्यांना प्लॉट नको असतो, भाड्याची धड खोली हवी असते. आवास योजनेच्या दुसऱ्या टप्प्यात भाड्याच्या घरांचाही घटक आहे. जुन्या गावातली दुरुस्त केलेली घरं त्यासाठी का वापरू नयेत?

नगरपालिकेकडे माझी मागणी साधी आहे. बंद घरांची गल्लीवार यादी करा आणि आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आठवड्यात वारस नोंदीचं शिबिर भरवा. तेव्हा लेकी माहेरी येतात, सुरत-पुण्याची मुलंही येतात. दुय्यम निबंधक आणि भूमापनवाले त्या चार दिवसांत एका मांडवात बसले, तर वर्षानुवर्षं अडलेल्या सह्या होतील. मात्र एक अट आहे. बहिणींनी दरवेळी फुकट हक्क सोडावा, असं गृहीत धरू नका. मी माझा हिस्सा भाच्याला राजीखुशीने दिला, पण माझ्या धाकट्या बहिणीला पैशांची गरज होती. तिच्या हिश्श्याची किंमत कोणी विचारलीच नाही. राहिलेल्या चार सह्यांत तिचीही एक आहे, आणि मी तिला दोष देत नाही.

यंदा आखाजीला ती येणार आहे. पावसाआधी धाब्यावर खारी माती घालावी लागेल. मागच्या पावसाळ्यात मागच्या खणाची कडी वाकली. गवंडी म्हणाला, अजून एक पावसाळा निघेल, दोन नाही.