महाजालावरील मराठी : सहभागाचा प्रश्न

महाजालामुळे मराठी लेखनाचे लोकशाहीकरण झाले, असे विधान अलीकडील समीक्षेत वारंवार आढळते. संपादक-प्रकाशकांची मधली फळी दूर झाल्याने ते अंशतः खरेही आहे. तथापि कर्जत व खालापूर तालुक्यांतील ठाकर-कातकरी वाड्यांच्या संदर्भात ते तपासले असता त्याची मर्यादा स्पष्ट होते.

१९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यात इरशाळगडाच्या उतारावरील इरशाळवाडी दरडीखाली गाडली गेली. २७ मृतदेह हाती लागले. ५७ जण बेपत्ता राहिले. ही ठाकर वाडी पुढे काही दिवस महाजालावर सर्वत्र होती. लिहिणारे मात्र प्रायः वाडीबाहेरचे होते. वाचलेल्यांचे शब्द आले, ते इतरांनी विचारलेल्या प्रश्नांची उत्तरे म्हणून. लेखनाचा विषय होणे आणि लेखनात सहभागी होणे यांत भेद करणे अगत्याचे आहे.

या विषमतेचे कारण केवळ साधनांच्या अभावात शोधणे अपुरे ठरेल. दिवाळीनंतर कातकरी कुटुंबे वीटभट्ट्यांवर जातात आणि मुलांची शाळा तुटते; हाती फोन आला तरी तो ऐकण्या-पाहण्यापुरता उरतो. दुसरे कारण ज्ञानव्यवहारातच आहे. २००३ साली सुरू झालेल्या मराठी विकिपीडियावर कोणासही लिहिता येते. परंतु विधानाला प्रकाशित संदर्भ लागतो. ठाकरांविषयी ल. ना. चापेकरांचा १९६० चा इंग्रजी ग्रंथ तेथे प्रमाण ठरतो. वाडीतील जाणत्या म्हातारीचे सांगणे ठरत नाही. छापील व्यवहारातील विषमता अशा रीतीने महाजालावर उतरते.

१८८५ साली जोतीराव फुले यांनी ग्रंथकार सभेचे निमंत्रण नाकारले. दार उघडे होते; आत कोणाचे मानवी हक्क मान्य आहेत, हा त्यांचा प्रश्न होता. तो आजही शिल्लक आहे.

म्हणून महाजालावरील लेखनास सरसकट ‘मराठी समाजाचा आवाज’ मानणाऱ्या प्रबंधकाराने त्यात कोण नाही, हे प्रथम नोंदवावे. विद्यापीठीय विभागांनी ठाकरी व कातकरी बोलींतील कथन निवेदकाच्या संमतीने, त्याच्या नावानिशी आपल्या नियतकालिकांतून छापावे. छापले गेले की ते संदर्भ म्हणून दाखवता येईल, आणि त्या संदर्भाखाली नाव वाडीतील माणसाचे असेल.