विश्लेषण : मिथेनॉलनिर्मितीत दाबापेक्षा उत्प्रेरक का महत्त्वाचा?

भारताला लागणारे बहुतांश मिथेनॉल आयात होते. ते देशात बनवायचे तर कोळसा वापरावा की वायू, यावरच चर्चा अडते. खरी मेख रिॲक्टरमध्ये आहे.

कार्बन मोनॉक्साइडचा एक आणि हायड्रोजनचे दोन रेणू मिळून मिथेनॉलचा एकच रेणू तयार होतो. तिनाचा एक होत असल्याने दाब वाढवला की समतोल मिथेनॉलकडे झुकतो. अभिक्रियेत उष्णता बाहेर पडते. त्यामुळे तापमान वाढवले की तोच समतोल उलट फिरतो. मग तापमान कमीच का ठेवू नये? कारण तेव्हा अभिक्रिया इतकी रेंगाळते की कारखाना परवडत नाही.

जर्मनीतील ‘बीएएसएफ’ने १९२३ मध्ये ताकदीचा मार्ग धरला. झिंक-क्रोमियमचा उत्प्रेरक, ३०० ते ४०० अंश सेल्सिअस तापमान आणि वातावरणाच्या २५० ते ३५० पट दाब. म्हणजे जाड पोलादी भांडी, अवाढव्य कॉम्प्रेसर. १९६० च्या दशकात ब्रिटनच्या ‘आयसीआय’ने तांब्याचा उत्प्रेरक आणला. तो २५० अंशांच्या आसपास काम करतो, म्हणून ५० ते १०० पट दाब पुरतो. उत्प्रेरक समतोल बदलत नाही, कमी तापमानाची सवलत मिळवून देतो. (तांब्याला गंधक मात्र सोसत नाही, वायू आधी कसून शुद्ध करावा लागतो.)

आता कार्बन डायऑक्साइडपासून ‘हरित’ मिथेनॉल बनवण्याचे बेत आहेत. तिथे समतोल आणखी प्रतिकूल, शिवाय सोबत तयार होणारे पाणी उत्प्रेरकाला मंदावते. अशा वेळी केवळ प्रकल्पांना अनुदान देणे अपुरे आहे. उत्प्रेरक संशोधनासाठी स्वतंत्र तरतूद हवी.