हुरड्याला पार्सल नाही!

वीकएण्ड आला की आपण काय करतो? मॉल, मल्टिप्लेक्स आणि पुन्हा तोच सिझलर. बोअर! म्हणून यंदा जानेवारीत आम्ही चौघांनी भल्या पहाटे पुणे सोडलं. भिगवण, इंदापूर, टेंभुर्णी मागे टाकलं आणि ऊन तापायच्या आत मोडनिंबला माझ्या मामाच्या शेतावर हजर! अजेंडा एकच... हुरडा.

ज्यांनी अजून खाल्लेला नाही त्यांच्यासाठी: हुरडा म्हणजे ज्वारीचं भाजलेलं कोवळं कणीस. दाणा पुरता भरलाय, पण अजून टणक झालेला नाही, असे मधले थोडेच दिवस तो मिळतो. जमिनीत छोटा खड्डा, त्यात गोवऱ्यांचा विस्तव. ही आगटी. कणसं गरम राखेत खुपसायची, भाजली की तळहातावर चोळायची, फुंकर मारून कोंडा उडवायचा. मग ओंजळीत पडतात हिरवेगार, मऊ, गोडसर दाणे. सोबत शेंगाचटणी, गूळ, दही आणि बोरं. बस्स, बॉस!

गूळभेंडी, सुरती, फुले मधुर हे खास हुरड्याचे वाण. दाणा गोड असतो आणि कोंड्यातून चटकन सुटतो. भाकरीची मालदांडी वेगळी. तिचा प्रसिद्ध ‘मालदांडी ३५-१’ हा वाण इथून जवळच, मोहोळच्या संशोधन केंद्रात १९३० च्या दशकात निवडला गेला. थोडक्यात, आपण ज्वारीच्या माहेरी आलोय!

‘मामा, एक किलो पार्सल मिळेल?’ आमच्यातल्या एकीनं विचारलं. मामा हसला. ‘आगं पोरी, गार झाला की वातड होतोय. आगटीपाशी बसूनच खायचा!’

खाता खाता मान वर केली, तर चहूकडे ऊसच ऊस. ज्वारी फक्त विहिरीकडेला चार ओळी. मी विचारलं तर मामा म्हणाला, ‘उजनीचं पाणी आलं, ऊस आला. ज्वारीची पाखरं हाकायला माणूस कुठून आणू?’

‘मग ह्या चार ओळी कशाला?’

‘तू येते म्हणालीस की.’

माझा घास अडकला. कारण आधीची दोन वर्षंही मी ‘येते’ म्हणाले होते आणि ऐनवेळी डेडलाइनचं कारण सांगितलं होतं. त्या दोन्ही वर्षी ह्या ओळी पेरलेल्या होत्या. मामानं ते कधी बोलूनही दाखवलं नव्हतं.

तुमचा मामा मोडनिंबला नसेल तरी हरकत नाही. डिसेंबर ते फेब्रुवारीत सोलापूर रस्त्यावर हुरडा पार्टीचे बोर्ड दिसतात. आधी फोन करून जा आणि सकाळीच पोचा. रेल्वेनं जाणार असाल तर कुर्डुवाडीला उतरून पुढे एसटी. जाण्याआधी एकच प्रश्न विचारा: कणसं आज तोडलेली आहेत का? आणि आगटीपाशी मोबाइल खिशात ठेवा. दोन्ही हात लागतात!

निघताना मामानं विचारलं, ‘मग, पुढच्या वर्षी पेरू का?’

रब्बीची पेरणी सप्टेंबर-ऑक्टोबरात. जानेवारीतल्या एका शनिवारची सुटी मी आत्ताच टाकलीय.